लहान मुलांच्या मेंदूतील ॲन्युरिझम आपोआप बंद होणे : त्यावर कितपत विसंबावे?

पंचवटीकर

नमस्कार. माझ्या अडीच वर्षांच्या भाचीच्या आजारपणासंदर्भात हा धागा काढत आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला एकाएकी उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ आकडी आली आणि ती निपचित पडली. नाशिकमध्येच केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला आणि सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रात, डाव्या बाजूच्या मधल्या धमनीच्या एका फांदीवर फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, असल्याचे निदान झाले. त्याच रात्री १०८ च्या रुग्णवाहिकेने कसारा घाट उतरून तिला मुंबईला नेले. तिथे कॉइलिंग, म्हणजे नळीतून बारीक तारेची वेटोळी फुग्यात भरून तो बंद करणे, करायचे ठरले होते. पण त्यासाठी जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी केली तेव्हा त्या फुग्यात रक्त शिरतच नसल्याचे आढळले. डॉक्टरांनी कॉइल न टाकता थांबायचे ठरवले. नंतरच्या एमआरआयमध्ये फुग्याच्या जागी फक्त गुठळी दिसली आणि मुलगी घरी आली. ती आता चालते, बोलते. उजव्या हाताने वाटी उचलताना मात्र बोटे उघडायला तिला अजून वेळ लागतो आणि वाटी हातात आली की ती आपल्या आईकडे बघते.

घरात आता दोन मते आहेत. दाजींचे म्हणणे असे, की फुगा बंद झाला आहे, तेव्हा लेकराला पुन्हा भूल देऊन मशीनमध्ये घालायचे कारण नाही. माझ्या बहिणीला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली आहे आणि ती पाळायची की नाही, यावरून घरात रोज बोलणे होते. म्हणून जाणकारांना विचारतो. असा फुगा आपोआप बंद होणे ही वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे का? आणि असेल, तर तो पुन्हा उघडू शकतो का?

क्षकिरण

पंचवटीकर, मी गंगापूर रोडला राहणारा निवृत्त रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या भाचीची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी निर्णय देणार नाही. पण जे घडले ते कसे घडते, हे नक्की सांगू शकेन.

होय, ही माहीत असलेली गोष्ट आहे. मुळात मुलांमध्ये मेंदूचा ॲन्युरिझम दुर्मीळ असतो. एकूण रुग्णांत मुलांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी भरते. त्यातही मुलांचा आजार मोठ्यांच्या आजाराची छोटी आवृत्ती नसतो. मोठ्या माणसांत हा विकार बायकांना अधिक होतो, तर मुलांमध्ये एकंदरीत मुलग्यांना अधिक होतो. मोठ्यांत धूम्रपान आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब यांनी धमनीची भिंत झिजते आणि धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे बोरासारखा फुगा येतो. अडीच वर्षांच्या मुलीला या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. लहानांत धमनीची भिंत आतून चिरणे, रक्तातून आलेल्या जंतूंनी ती पोखरली जाणे, डोक्याला मार लागणे किंवा भिंतीची जन्मजात कमजोरी ही कारणे अधिक सापडतात. २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, ज्यांना आम्ही ‘जायंट’ म्हणतो, असे फुगेही मुलांत मोठ्यांच्या मानाने बरेच अधिक दिसतात. कारण वेगळे, म्हणून पुढची वाटचालही वेगळी, हे आधी मनात पक्के धरा.

आता फुगा बंद कसा होतो ते सांगतो. रक्त वाहते आहे तोवर गोठत नाही. ते रेंगाळले, की गोठण्याची क्रिया सुरू होते. फुग्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असेल, तर आत शिरलेले रक्त लवकर बाहेर पडत नाही. नदीच्या वळणावर पाणी मंदावले, की तिथे गाळ बसू लागतो, तसे फुग्याच्या भिंतीलगत गुठळीचे थर बसत जातात. फुग्याचे आकारमान आणि त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तराचा गुठळीशी असलेला हा संबंध ब्लॅक आणि जर्मन या दोघांनी १९६० साली प्रयोगात तयार केलेल्या ॲन्युरिझमवर दाखवून दिला. त्यात भर पडते ती रक्तस्रावानंतर शरीराने सुरू केलेल्या गोठण्याच्या प्रक्रियेची, मूळ धमनी आकसण्याची आणि आजूबाजूला साचलेल्या रक्ताच्या दाबाची. हे सगळे जुळून आले, तर आख्खा फुगा गुठळीने भरतो आणि तोंडापाशी धमनीचे आतले अस्तर पुन्हा धरू लागते. भिंत चिरल्यामुळे आलेला फुगा असेल, तर ती चीर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येऊन धमनी पूर्ववत झाल्याचेही आम्ही पाहतो. कोवळ्या वयात धमन्यांची डागडुजी चांगली होते, हे त्यामागचे एक कारण.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचेही उत्तर ‘होय’ असेच आहे. गुठळी विरघळून फुग्यात पुन्हा रक्त खेळू लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. मोठ्या फुग्यांत तर अर्धा भाग गोठलेला आणि अर्धा उघडा, अशी अवस्था अनेकदा दिसते, आणि असा अर्धवट गोठलेला फुगा फुटतही नाही, असे समजायचे कारण नाही. तो फुटू शकतो. म्हणून दाजींना माझ्या वतीने एवढेच सांगा, की पुढची तपासणी ही उपचाराचाच भाग आहे.

ओझरकर

क्षकिरण सर, अतिशय स्वच्छ सांगितलेत. मग माझ्यासारख्या सामान्य माणसाला एक शंका येते. मुलांमध्ये हे आपोआप होत असेल, तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत आधी काही दिवस वाट पाहून मगच कॉइलिंग किंवा क्लिपिंग (शस्त्रक्रियेने फुग्याच्या तोंडाला चिमटा लावणे) का करू नये? लहान जिवाच्या मेंदूत तारा घालण्यापेक्षा ते बरे नाही का?

बालवैद्य

ओझरकर, या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी सिडको भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि हीच शंका मला दवाखान्यात आई-बापांकडून ऐकावी लागते.

फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. वाट पाहायची म्हणजे नेमका हाच काळ हातावर हात ठेवून घालवायचा. शिवाय आपण जी उदाहरणे वाचतो, ती बचावलेल्या मुलांची असतात. एखाद्या बाळाचा फुगा आपोआप बंद झाला, की ते विलक्षण म्हणून वैद्यकीय नियतकालिकात छापून येते. वाट पाहताना जे मूल गेले, त्याच्यावर सहसा कोणी लेख लिहीत नाही. त्यामुळे छापील उदाहरणे मोजून आपल्या मुलाची शक्यता काढू नये.

तिसरी गोष्ट अशी, की गुठळी फुग्याच्या आतच थांबेल याची हमी नसते. ती तोंडातून पुढे सरकून मूळ धमनीत गेली किंवा तिचा तुकडा सुटून पुढच्या फांदीत अडकला, तर तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पक्षाघात होतो. पंचवटीकरांच्या भाचीचा उजवा हात कमजोर राहण्यामागे रक्तस्राव, धमनीचे आकसणे किंवा हे कारण, यांपैकी काहीही असू शकते. ते तिच्या एमआरआयवरूनच कळेल. म्हणजे फुगा बंद होणे ही गोष्टदेखील नेहमी फुकटात होत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी जे केले ते अगदी योग्य होते. त्यांनी उपचाराची पूर्ण तयारी ठेवली, अँजिओग्राफी केली, फुगा भरत नाही हे डोळ्यांनी पाहिले आणि मग थांबले. असे पाहून थांबणे निराळे आणि न पाहता वाट बघणे निराळे.

त्र्यंबकरोड

धागा वाचून एक विचारावेसे वाटते. आमच्या नात्यातल्या एका नवजात बाळाला ‘व्हेन ऑफ गॅलन ॲन्युरिझम’ सांगितला होता आणि त्याला हृदयाचा त्रासही सुरू झाला होता. तोही याच प्रकारात मोडतो का? तोही आपोआप बंद होतो का?

क्षकिरण

नावात ॲन्युरिझम असला, तरी तो आजार वेगळा. त्यात धमन्यांचे रक्त मधल्या केशवाहिन्या टाळून थेट मेंदूच्या खोल भागातल्या एका शिरेत ओतले जाते आणि ती शीर फुगते. उलट परतणाऱ्या रक्ताचा लोंढा मोठा असल्याने नवजात बाळाचे हृदय थकते. तुमच्या नात्यातल्या बाळाचे तेच झाले असावे. तोही क्वचित आपोआप गोठून बंद होतो, पण त्याचे उपचार, त्याची वेळ आणि त्याचे धोके सगळेच निराळे. त्या बाळाच्या बाबतीत इथली चर्चा लावून पाहू नका. मुलांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्टचा सल्ला लवकरात लवकर घ्या.

निफाडची आई

मी या विषयात डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलेली आई आहे, म्हणून लिहिते. माझ्या मुलाच्या हृदयाच्या झडपेत जन्मापासून दोष होता. तो सहा वर्षांचा असताना त्याला ताप येऊ लागला. येई, उतरे, पुन्हा येई. गावातल्या औषधांनी तेवढ्यापुरता गुण यायचा. मग एके दिवशी शाळेतून आल्यावर तो म्हणाला, की डोके फुटतेय, आणि त्याची एक पापणी खाली आलेली मला दिसली. तपासणीत कळले, की झडपेवर जंतुसंसर्ग झाला होता आणि तिथला कण रक्तातून मेंदूत जाऊन धमनीला फुगा आला होता.

त्याच्या फुग्याला ना कॉइल टाकली, ना क्लिप लावली. शिरेतून सहा आठवडे प्रतिजैविके दिली आणि मध्ये मध्ये अँजिओग्राफी करून फुगा किती आहे ते पाहिले. आधी तो तेवढाच होता, मग लहान झाला आणि शेवटी दिसेनासा झाला. आमच्याच वॉर्डात याच आजाराची एक मोठी मुलगी होती. तिचा फुगा औषधे सुरू असतानाच वाढला आणि तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. दोघांना औषध सारखेच होते, पण दोघांचे वेगळे झाले, आणि ते वेगळे होते आहे हे केवळ मधल्या तपासण्यांमुळे कळले. त्या मुलीच्या आईने तपासणीला नकार दिला असता, तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पंचवटीकर दादा, तुमच्या बहिणीला सांगा, की झोप न लागणे स्वाभाविक आहे. पोर जरा जास्त वेळ झोपले, तरी मी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत असे. पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली असली, की ही धाकधूक बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. तारीख नसली, की रोजचा दिवसच तपासणीचा होऊन बसतो.

बालवैद्य

ताई, तुम्ही लिहिलेत ते फार मोलाचे आहे. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुले अजूनही येतात आणि काही मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. अशा मुलाला न उतरणारा ताप असेल, तर रक्ताचे कल्चर घेण्याआधी प्रतिजैविक सुरू करू नये, ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. कल्चर आधी घेतले, तर कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे कळते. जंतूंमुळे आलेले फुगे बहुधा मधल्या धमनीच्या टोकाकडच्या फांद्यांवर असतात आणि त्यांतले काही नुसत्या औषधांनी जातात, हे खरे आहे. दातांची काळजी हाही याच विषयाचा भाग आहे, कारण झडपेवर बसणारे जंतू पुष्कळदा तोंडातूनच रक्तात जातात.

पंचवटीकर, तुमची भाचीही फांदीवरच्या फुग्याची रुग्ण आहे, म्हणून विचारतो, की तिचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आहे का? आणि तिच्या जांघेतली नाडी व चारही हातापायांचा रक्तदाब कोणी तपासला आहे का? महाधमनी जन्मतः अरुंद असेल, तर हातातला रक्तदाब जास्त आणि पायातला कमी येतो, जांघेतली नाडी हाताला क्षीण लागते, आणि अशा मुलांत मेंदूचे फुगे अधिक आढळतात. लहान मुलांच्या मापाचा पट्टा वापरून ही तपासणी नाशिकमधल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी असण्याचा आनुवंशिक विकारही फुग्यांशी जोडलेला आहे, म्हणून पोटाची सोनोग्राफी करून ठेवावी. फुगा का आला, याचा शोध अर्धवट राहिला, तर तो बंद झाल्याचा आनंदही अर्धवटच समजावा.

पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. इको झाला आहे आणि तो नॉर्मल आहे. चारही हातापायांचा रक्तदाब मात्र घेतल्याचे फाईलमध्ये दिसत नाही. उद्याच घेऊन जातो. मुंबईच्या डॉक्टरांनी धमनीची भिंत चिरल्याची शक्यता लिहिली आहे. आजारपणाच्या काही दिवस आधी ती ओट्यावरून पडली होती, हे बहिणीला आता आठवते. तेव्हा ती थोडे रडून खेळायला गेली, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. तिच्या आजीने वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलला होता आणि फुगा बंद झाल्याचे कळताच घरात सर्वांनी तो देवीचा कौल मानला. दाजींच्या नकारामागे हेही आहे. पुन्हा तपासणी केली, तर आपण देवीवर अविश्वास दाखवला असे होईल, असे आजींना वाटते. त्यांना दुखवावे असे माझ्या मनात नाही, कारण त्या सगळ्या दिवसांत आमच्या घराला त्यांच्याच धीराने सावरले.

निफाडची आई

दादा, आमच्याकडेही नवस होता आणि आम्ही तो फेडलाही. मी सासूबाईंना म्हटले होते, की देवीने लेकरू आपल्या ओटीत परत घातले, आता त्याला जपायचे काम आपले. त्यांना ते पटले. पुढच्या प्रत्येक तपासणीला त्या स्वतः सोबत आल्या आणि मशीनच्या खोलीबाहेर जप करत बसल्या. तुमच्या आजींनाही बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी फिल्म समोर धरून समजावले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण सांगण्यापेक्षा ते अधिक पटते.

ओझरकर

माझ्या आधीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. आता तपासण्यांविषयी विचारतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. दर वेळी जांघेतून नळी घालूनच पाहावे लागते का? सीटीच्या किरणांचा लहान मुलांना त्रास होत नाही का?

क्षकिरण

हा प्रश्न दाजींच्या शंकेशी थेट जोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन मार्ग आहेत. नळी घालून करायची अँजिओग्राफी, जिला आम्ही डीएसए म्हणतो, ती सर्वांत खात्रीची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे असे चित्र पहिल्यांदा १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी काढले. त्याआधी जिवंत माणसाच्या डोक्यातला फुगा बंद झाला की उघडा आहे, हे कळायला मार्गच नव्हता. डीएसएमध्ये रक्तवाहिनी चित्रात उठून दिसावी म्हणून धमनीतून थेट औषध सोडून क्षणाक्षणाला चित्र मिळते, त्यामुळे फुग्याच्या तोंडाशी उरलेला बारीक कोपराही दिसतो. पण तिला भूल लागते, किरण लागतात आणि नळीचा थोडा धोकाही असतो. सीटी अँजिओग्राफी झटपट होते, म्हणून आणीबाणीत तीच करतात. तिलाही किरण लागतातच. मुलांच्या वाढत्या शरीराला किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक असतो, ही तुमची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच गरजेपेक्षा जास्त वेळा सीटी करत नाहीत.

तिसरा मार्ग एमआर अँजिओग्राफीचा. तिला किरण अजिबात लागत नाहीत आणि ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीत शिरेतून औषधही द्यावे लागत नाही. मूल स्थिर पडून राहत नाही, म्हणून या वयात भूल किंवा झोपेचे औषध द्यावे लागते. पाच-सहा वर्षांनंतर बरीच मुले समजावल्यावर तशीच पडून राहतात. नंतरच्या पाठपुराव्यासाठी बहुतेक वेळा हीच तपासणी वापरतात आणि शंका आली, तरच डीएसए करतात. म्हणजे दाजींना वाटते तसा दर खेपेला नळीचा प्रसंग येणार नाही.

या तपासणीतली एक खाचखोच मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तिने अनेक घरांची झोप विनाकारण उडवली आहे. गुठळी काही दिवसांची झाली, की तिच्यातल्या हिमोग्लोबिनमध्ये बदल होतो आणि ती एमआरआयवर आपणहून पांढरी चकाकते. टाइम ऑफ फ्लाइट चित्रात वाहते रक्तही पांढरेच दिसते. त्यामुळे पूर्ण गोठलेला फुगाही नुसते एक चित्र पाहणाऱ्याला उघडा वाटू शकतो. उलट बाजूही आहे : पहिल्या काही दिवसांत धमनी आकसलेली असते किंवा तात्पुरत्या गुठळीने तोंड बुजलेले असते, आणि मग प्रत्यक्षात असलेला फुगा डीएसएमध्येही दिसत नाही. म्हणूनच पहिली अँजिओग्राफी कोरी आली, तरी एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा करतात. तुमच्या भाचीच्या बाबतीत नंतरच्या एमआरआयमध्येही गुठळीच दिसली, ही जमेची बाजू आहे. पण आत्ताची चित्रे आधीच्या चित्रांशेजारी ठेवून पाहणारा माणूस हवा. सुटा रिपोर्ट वाचून निष्कर्ष काढू नका.

पुढच्या तपासण्या किती अंतराने, हे तिचे डॉक्टर ठरवतील. साधारणपणे पहिल्या वर्षात त्या जवळजवळ असतात आणि सगळे स्थिर राहिले, की अंतर वाढवत नेतात. मुलांच्या बाबतीत पाठपुरावा वर्षानुवर्षे ठेवायचा असतो, कारण पुढे आयुष्य मोठे आहे आणि मुलांमध्ये जुना फुगा परतण्याची किंवा दुसऱ्या ठिकाणी नवा येण्याची शक्यता राहते.

सातपूरवासी

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांचे अनेक उपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन दाखल होतानाच त्याला भेटावे, बिल हातात पडल्यावर नाही. बाहेरून करायच्या पाठपुराव्याच्या एमआरआयला मात्र योजना लागू होईल की नाही, हे आधी विचारून घ्या. पालिका किंवा सरकारी रुग्णालयात तो पुष्कळ कमी दरात होतो. थांबावे लागते, पण तारीख आधीपासून माहीत असेल, तर त्याने काही बिघडत नाही.

बालवैद्य

घरी काय पाळायचे, तेही लिहून ठेवतो. अचानक असह्य डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, गुंगी, पापणी खाली येणे किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, की या मुलीला मेंदूतला ॲन्युरिझम होऊन गेला आहे. हे सांगणे फार गरजेचे आहे, कारण उलट्या, ताप आणि ताठ मान पाहून प्रथमदर्शनी मेंदूज्वर वाटू शकतो. तान्ह्या बाळांत तर डोकेदुखी कळणारच नाही. टाळू वर आलेली असणे आणि न थांबणारे रडणे हीच खूण असते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे कोणतेही औषध मनाने देऊ नका. चिरलेल्या धमनीसाठी काही मुलांना ॲस्पिरिन देतातही, पण तो निर्णय त्यांच्या तज्ज्ञांचा. केवळ या आजारामुळे नेहमीच्या लसी थांबवायचे कारण नाही. घरातल्या इतरांची तपासणी एरवी लागत नाही. आई-वडील-भावंडांपैकी दोघांना किंवा अधिकांना ॲन्युरिझम असेल, किंवा घरात मूत्रपिंडाचा तो विकार असेल, तर विचारावी.

हाताविषयी शेवटचे. या वयातला मेंदू बिघडलेल्या भागाचे काम दुसऱ्या भागांकडून करून घ्यायला शिकतो, मोठ्या माणसापेक्षा कितीतरी चांगले शिकतो. पण त्याला सराव लागतो. ती डाव्या हाताने पटकन सगळे उचलत असेल आणि घरातले कौतुकाने तसे करू देत असतील, तर उजवा हात मागे पडत जाईल. लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे आजच जा. डावा हात काही वेळ गुंतवून ठेवून उजव्याला कामाला लावायची रीतसर पद्धत आहे, ती ते शिकवतील. कणकेचा गोळा, मण्यांची डबी, पेरूची फोड, जे तिला आवडते ते तिच्या उजव्या बाजूला ठेवा.

पंचवटीकर

आज चारही हातापायांचा रक्तदाब घेतला. फरक नाही आणि जांघेतली नाडी चांगली लागते. पोटाची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे. रात्री क्षकिरण सरांचा एमआर अँजिओग्राफीचा प्रतिसाद दाजींना वाचून दाखवला. दर खेपेला नळी घालावी लागणार नाही, हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग तपासणीची तारीख किती आहे ते त्यांनीच विचारले. आजीही सोबत येणार आहेत.

क्षकिरण सर, एकच अडचण राहिली. नाशिकमध्ये पहिल्या रात्री केलेल्या सीटी अँजिओग्राफीचा छापील रिपोर्ट आणि एक फिल्म आमच्याकडे आहे. सीडी धावपळीत कुठे गेली ते सापडत नाही. तेवढ्यावर भागेल का?

क्षकिरण

भागणार नाही. फुगा उघडा असतानाचा पुरावा तेवढाच आहे आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशीच ताडून पाहायची आहे. छापील फिल्मवर निवडक चित्रे असतात, मोजमाप करता येत नाही. ज्या केंद्रात सीटी केले, तिथे तिचे नाव, तारीख आणि रिपोर्टवरचा क्रमांक घेऊन उद्याच जा. मूळ डायकॉम प्रतिमा, म्हणजे मोजमाप करता येणाऱ्या संगणकीय प्रतिमा, त्यांच्या संगणकात असतील, पण त्या किती काळ ठेवायच्या हे प्रत्येक केंद्राचे वेगळे असते, म्हणून उशीर नको. सीडी मिळाली, की मुंबईच्या डीएसए आणि एमआरआयच्या सीडींबरोबर तिचीही प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि एक पेनड्राइव्ह बहिणीकडे, एक तुमच्याकडे ठेवा. मुंबईला जाताना मूळ सीडी सोबत न्या आणि ती तिथे जमा करून येऊ नका.